दोर सैल ठेव

खाडीकाठी राहणाऱ्या एका वृद्ध आचार्यांकडे एकदा एक शिष्य होता. आपले एखादे वचन लोकांच्या तोंडी राहावे, आपण गेल्यावरही राहावे, हा एकच ध्यास त्याला लागला होता. त्यासाठी तो वाक्ये घडवी, घासूनपुसून लखलखीत करी आणि बाजाराच्या दिवशी ऐकवी. लोक बिचारे भले. मान डोलवत आणि भाजी घेऊन घरी जात. वाक्य मात्र बाजारातच राही. शिष्य मनातून खचत चालला होता.

शेवटी त्याने आचार्यांनाच विचारले, वचन टिकते तरी कशाने? संध्याकाळी माझ्याबरोबर होडीत चल, एवढेच ते म्हणाले.

पलीकडे जाऊन परतल्यावर आचार्यांनी होडी स्वतः खुंटाला बांधली, तीही दोर पुरता ताणून. शिष्य बुचकळ्यात पडला. ओहोटी संपत आली होती. भरतीचे पाणी चढू लागले की ताणलेला दोर होडीला वर येऊ देत नाही आणि तिचे तोंड पाण्यात ओढले जाते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. जन्म खाडीवर काढलेल्या माणसाने असे करावे?

तेवढ्यात होडीचा धनी, म्हातारा लखू तांडेल, तरातरा आला. त्याने गाठ सोडली, बराच दोर मोकळा देऊन पुन्हा बांधली आणि पुटपुटला, "दोर सैल ठेव रे, पाणी चढंल." मग आचार्यांकडे बघून हसला आणि घराकडे वळला.

शब्द शिष्याच्या ओळखीचे होते. होडी बांधताना सारा काठ ते म्हणे; लेक सासरी धाडतानाही तिच्या सासूला म्हणे. कुणा जुन्या ऋषीचे असतील, असे तो समजून होता.

"लखूच्या आईचे आहेत," आचार्य म्हणाले. "मी पोरका, तिच्याच अंगणात वाढलो. आम्ही होडी बांधू लागलो की ती चुलीपासून ओरडायची आणि आम्ही वैतागायचो. ती गेल्यावर लखूने पहिल्यांदा होडी बांधली आणि तसाच उभा राहिला. कुणी ओरडले नाही. मग तोच ते शब्द मोठ्याने म्हणाला. तेव्हापासून रोज म्हणतो, आणि ऐकून ऐकून काठ म्हणू लागला. मला तिची फार आठवण आली की मी दोर ताणून बांधतो."

मग ते म्हणाले, "बाळा, वचन सांगणाऱ्याच्या हौसेने टिकत नाही. ते पुन्हा ऐकावे म्हणून कुणाचा तरी जीव तळमळावा लागतो."

शिष्याची आई अजून होती. वर्षानुवर्षे तो तिच्याकडे गेला नव्हता. घरातून पाऊल बाहेर टाकले की ती मागून म्हणे, अंधार पडायच्या आत पोच. किती चिडायचा तो त्यावर. आता तेच ऐकायला कान आसुसले आणि त्याला रडू आले.

उजाडताच त्याने आचार्यांच्या पायांवर डोके ठेवले. घडवलेली वाक्ये त्याने तिथेच सोडली. गावची वाट दिवसभराची होती, आणि त्याला अंधार पडायच्या आत पोचायचे होते.