कोरी डोळा होते

फार जुनी गोष्ट. ओढ्यातल्या एका दगडाखाली एक चपटा किडा राहायचा. त्याच्या अंगातल्या पेशी आपापल्या कामाला लागलेल्या होत्या. कोरी आणि तिच्यासारख्या काही जणी मात्र अजून कोणीच झालेल्या नव्हत्या. "तू कधी काय होणार गं?" कातडीतली म्हातारी पेशी कोरीला विचारायची.

एके दिवशी दगड घसरला आणि किड्याचं डोकं डोळ्यांसकट तुटलं. उरलेल्या अंगाला वाट दिसेना.

"कोरे, आता तुम्हीच काय ते करा," म्हातारी हळूच म्हणाली. "मी कातडी झाले. मला आता डोळा होता येत नाही."

"मग डोळा झाले की मलाही परत फिरता येणार नाही," कोरी म्हणाली. तिला भीती वाटली. पुन्हा इजा झाली तर कोण धावेल, म्हणून आधी तिनं आपले दोन भाग केले. त्यातून झालेल्या धाकटीला जवळ घेऊन ती म्हणाली, "तू अशीच कोरी राहा." मग ती इतरजणींबरोबर जखमेकडे निघाली.

काही दिवसांनी नवं डोकं आलं आणि कोरी त्याचा डोळा झाली. डोळ्याला स्वतःच्या मागे बघता येत नाही. म्हणून मागे अंगात राहिलेल्या धाकटीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "बाळ, बाहेर ऊन पडलंय."