व्यापाऱ्याच्या हाती प्याला

एकदा एक वृद्ध पाद्रीबाबा अमेरिकेतल्या एका लहानशा गावात देवाची सेवा करीत होते. गावाला चर्च एकच. त्या वर्षी महापौराची निवडणूक आली आणि अंगणाअंगणांत उमेदवारांच्या नावांच्या पाट्या उभ्या राहिल्या. एक उमेदवार लाकडाचा व्यापारी, दुसरी शाळेतली बाई. दोघंही याच चर्चमधली. माणसं अशी बिघडली, की सख्खे शेजारी एकमेकांना ओळख देईनात.

व्यापारी बाबांकडे आला. "बाबा, रविवारी सगळ्यांसमोर एवढंच म्हणा, की हा देवाचा माणूस आहे. पुढचं मी बघतो."

"सगळ्यांसमोर उभं करतो तुला," बाबा म्हणाले. "ये."

व्यापारी जाताच त्यांचा तरुण शिष्य धावत आला. "बाबा, अर्धं गाव उठून जाईल! पुन्हा इथं पाऊल टाकायचं नाही."

"बघू या," एवढंच उत्तर.

रविवारी व्यापारी नवा कोट घालून, भाषण पाठ करून हजर. येशूच्या आठवणीत भाकर नि द्राक्षारस घ्यायच्या प्रभुभोजनाची वेळ झाली. तिथली रीत अशी, की द्राक्षारसाचा प्याला एकच. सर्वांनी त्यातूनच घोट घ्यायचा, आणि मंडळीतल्याच एकानं तो प्रत्येकाच्या ओठांशी धरायचा. बाबांनी प्याला उचलला नि सरळ व्यापाऱ्याच्या हातात दिला.

"आणि भाषण?" तो कुजबुजला.

"आधी यांना पाज. सांडू नकोस हो."

रांग लागली. त्याची माणसं आली, तिचीही आली. घोट गुडघ्यांवर बसून घ्यायचा, तेव्हा प्याला धरायचा म्हणजे प्रत्येकापुढे वाकणं आलं. शेवटी ती बाई येऊन गुडघ्यांवर बसली. व्यापाऱ्याच्या हातातला प्याला कलला. तेव्हा तिनंच आपले हात त्याच्या हातांखाली धरले आणि घोट घेतला. उरलेला घोट त्यानं घेतला, तिच्यामागून. भाषण झालंच नाही.

सगळे गेल्यावर शिष्यानं विचारलं, "बाबा, हे काय केलंत?"

"अरे, त्याला देव आपल्या बाजूला हवा होता, मी त्याला देवाच्या कामाला लावलं. राज्य कुणीतरी करायलाच हवं; लढू दे, जिंकू दे. पण आज मी त्याचं नाव घेतलं असतं, तर त्याला मतं मिळाली असती आणि त्या बाईला प्रार्थनेला जागा उरली नसती."

"मग तुमचं मत कुणाला?"

"ते मतपेटीला सांगेन," बाबा हसले. "तू प्याला धू."

शिष्यानं तो दोन्ही हातांनी उचलला. काठावर कितीतरी ओठांचे ठसे होते. कुणाचा कोणता, हे त्याला सांगता येईना.