बुरडिणीची पातळ कामटी

फार जुन्या काळची गोष्ट आहे. कोणत्या राज्यातली ते विचारू नका. एक नदी होती, काठावर सात गावं होती, आणि माणसं आपल्यासारखीच होती, म्हणजे शहाणीही आणि हट्टीही.

त्या राज्यात नदीच्या पाण्याचं चित्र काढायला एक लाकडी चौकट वापरत. घाटावरच्या दगडी खांबावर पाणी जितकं चढेल, तितक्या उंचीवर त्या दिवसाची खुंटी चौकटीत बसवायची. मग बांबूची कामटी खालून खुंट्यांना दाबून धरायची आणि तिच्या कडेने कोळशाची रेघ ओढायची. पावसाळाभर पाणी कसं चढलं, कसं उतरलं, ते एका नजरेत दिसे.

ज्या सुताराने ही चौकट पहिल्यांदा केली तो मोठ्या मनाचा होता. चौकट सगळ्यांची, असं त्याने सांगून ठेवलं होतं. हवी त्याने करून घ्यावी, खोट दिसेल त्याने दुरुस्त करावी आणि दुरुस्ती सगळ्यांना द्यावी. तो गेल्यावर वरच्या गावातले पाच म्हातारे चौकटीची राखण करू लागले, तेही पदरमोड करून. माणसं चांगली होती, हे आधीच सांगतो, कारण पुढे मला त्यांचा राग येणार आहे.

राजाचा हुकूम असा होता की चित्रातली रेघ जिथवर चढते, त्याच्या दोन हात वर प्रत्येक गावाने बंधारा बांधावा.

सगळ्यात खालच्या, सखल गावात एक बुरडीण सुपं-टोपल्या विणून पोट भरायची. एका वर्षी पूर आला. एकच दिवस टिकला, पण त्या दिवशी पाणी बंधाऱ्यावरून आत आलं आणि तिची धाकटी बहीण वाहून गेली. वर्षअखेर चित्र चावडीत लागलं. त्या दिवसापाशी रेघेत जेमतेम एक उंचवटा होता. मग सगळे म्हणाले की पूर काही मोठा नव्हता, या गावानेच बंधारा कच्चा बांधला असणार.

बुरडीण तडक वरच्या गावी चौकट पाहायला गेली. खुंटी बरोबर उंच होती. कामटीच तिच्यापर्यंत पोचत नव्हती. जाड कामटी एकदम वाकत नाही, हे बुरडाच्या घरात शेंबड्या पोरालाही कळतं. एकटी उंच खुंटी आली की कामटी तिच्या खालूनच निघून जायची. बुरडिणीने ओला बांबू चिरला, कामटी तासून तासून पातळ केली आणि लावून पाहिली. रेघ थेट खुंटीला जाऊन टेकली. ते पाहून ती तिथेच बसून रडली.

मग तिने कामटी म्हाताऱ्यांपुढे ठेवली. पहिल्यांदा ते म्हणाले, टोकं घासलेली नाहीत. तिने घासून आणली. दुसऱ्यांदा म्हणाले, पेराची गाठ मधे येते. तिने बिनगाठीची केली. तिसऱ्यांदा मात्र रिवाजाप्रमाणे परीक्षा झाली. राखणदारांच्या घरात शंभर जुनी चित्रं होती. नवी वस्तू आली की त्या त्या वर्षी नोंदलेल्या पाण्याच्या आकड्यांवरून शंभर चित्रं पुन्हा काढायची आणि जुन्यांवर ठेवून पाहायची. केसाएवढा फरक पडला तरी वस्तू परत.

अकरा चित्रांत फरक पडला. पडणारच होता, कारण ती अकरा वर्षं एका दिवसाच्या मोठ्या पुरांची होती.

"तुझ्या कामटीने अकरा चित्रं बिघडवली, बाई," थोरला म्हातारा म्हणाला. "जुनं ते सोनं. उगीच हात लावू नये."

"आजोबा, सोनं बी कसाला लावत्यात," बुरडीण म्हणाली. "तुमी चित्राला चित्र लावताय. पुराच्या खुणा खांबावर कोरल्यात. चला घाटावर, तितं लावून बगू."

इतक्या उन्हाचं कोण जाणार, असं म्हणून त्यांनी कामटी परत दिली. पुन्हा येऊ नकोस, हेही सांगितलं.

ती पुन्हा गेली. एकदा नव्हे, चारदा गेली. म्हणजे पालथ्या घड्यावर पाणीच. शेवटी थोरल्याने चिडून विचारलं की एवढीच खुमखुमी असेल तर वेगळी चौकट का करत नाहीस?

"येगळी कशाला?" ती म्हणाली. "हीच माजी हाय. माज्या चौकटीनं खोटं बोललेलं मला चालनार न्हाई."

गावी येऊन तिने नव्या कामटीने चित्र काढलं आणि चावडीवर जुन्याच्या शेजारी टांगलं. पाटील घाबरला. राजाचा हुकूम जुन्या चित्राचा होता. बुरडिणीने कुणाची वाट पाहिली नाही. स्वतःच्या टोपल्या घेऊन ती एकटीच बंधाऱ्यावर माती टाकू लागली. लोक हसले. आठवड्याने तिची शेजारीण आली, मग शेजारणीचा नवरा आला, आणि उन्हाळा सरेपर्यंत सगळं गाव डोक्यावर पाटी घेऊन उभं होतं. बंधारा हुकुमापेक्षा तीन हात उंच झाला.

दोन वर्षांनी तसाच पूर आला. भर दुपारी सहा गावांच्या बंधाऱ्यांवरून पाणी आत शिरलं. राखणदारांच्या घरातल्या शंभर चित्रांचा कोळसा धुऊन गेला. पण चित्रांचं काय घेऊन बसलात? चार माणसं गेली, आणि त्यांचं पाप कुणाच्या माथी ते तुम्हीच ठरवा. सखल गाव तेवढं कोरडं राहिलं. बाकीच्या गावांतली माणसं होड्यांतून त्याच बंधाऱ्यावर येऊन टेकली. त्यांत थोरला म्हातारा होता, चौकट छातीशी धरून.

त्याने मान खाली घालून कामटी मागितली.

"न्या की," बुरडीण म्हणाली. "ती तुमचीबी हायच. पन आदी परीक्षा बदला. न्हाईतर उद्या दुसरी कुनी खरं घिऊन आली, तर तिलाबी असंच परतवून लावाल."

पाणी ओसरल्यावर पाचही म्हातारे उन्हातान्हात घाटावर बसले आणि खांबावरची एकेक खूण मोजून चित्रं नव्याने काढू लागले. कामटी बुरडीण धरत होती. अकरा चित्रांत रेघ पूर्वी कधी नव्हती इतकी उंच चढली, आणि या खेपेला ती कुणी परत केली नाहीत.

तात्पर्य: जुन्याशी जुळत नाही म्हणून खरं कुणी परतवून लावलं, तर ते पुन्हा पुन्हा घेऊन जावं, आणि दार उघडेपर्यंत आपलं काम थांबवू नये.