चतुराची राखण

डोंगराआडच्या एका रानात लहानसे तळे होते. त्या तळ्यावर एक चतुर आपल्या सोबतिणीसह राहत असे. मुलांनो, चतुर तुम्ही नक्की पाहिला असेल. लांब शेपटीचा, काचेसारख्या चार पंखांचा, पाण्यावर भिरभिरणारा. या कीटकांची एक रीत असते. मादी शेपटीचे टोक पाण्यात बुडवून अंडी घालू लागली, की नर तिच्या डोक्यावर हवेत थांबून राखण करतो. तिचे लक्ष पाण्याकडे, त्याचे चहूकडे. त्यामुळे काठावरच्या म्हाताऱ्या बेडकाची डाळ कधी शिजत नसे.

एके दिवशी एक माणूस कॅमेरा घेऊन तळ्यावर आला. त्याला उडत्या चतुराचा फोटो हवा होता. पण चतुर इतका चपळ, की दर वेळी फोटोत नुसते पाणीच येई. बिचारा चिखलात बसकण मारून वाट पाहत राहिला. बेडकाने हे सारे पाहिले. त्या वेळी सोबतीण लव्हाळ्याच्या सावलीत अंडी घालत होती आणि चतुर तिच्यावर पहारा देत होता. बेडूक गोड आवाजात म्हणाला, "चतुरराव, एवढे देखणे पंख, आणि थांबलात कुठे, तर सावलीत! तो पाहुणा तुमच्यासाठी चिखलात बसलाय. जरा उन्हात जा की."

चतुराचे मन हलले. सोबतीण म्हणाली, "आत्ता नको रे जाऊस. थोडीच अंडी राहिली आहेत."

"अगं, हा गेलो नि हा आलो," तो म्हणाला.

उन्हात जाऊन तो हवेत स्थिर झाला. पंख झगमगले. कॅमेरा खटखट वाजू लागला, तसा तो आणखी थोडा थांबला. मग अंग वळवून दुसऱ्या बाजूनेही थांबला. मागे पाण्यात 'डुबुक' झाले, ते त्याला ऐकूच आले नाही. तो परत आला तेव्हा लव्हाळ्यापाशी पाण्यावर वलये तेवढी पसरत होती आणि बेडूक डोळे मिटून स्वस्थ बसला होता.

चतुर त्याच जागेवर हवेत थांबला. दुसऱ्या दिवशीही तो तिथेच होता. वारा आला तरी हलला नाही. माणसाने अगदी सावकाश त्याचा फोटो काढला. पुढे शहरात तो फोटो पाहून लोक म्हणाले, "काय सुंदर थांबलाय! जणू कुणाची राखण करतोय."

खाली पाण्यात मात्र कुणीच नव्हते.

तात्पर्य : जो जीव आपल्या भरवशावर निर्धास्त आहे, त्याच्यावरची नजर कौतुकापायी काढू नये; वेळ टळल्यावर केलेली राखण कुणाच्याच कामी येत नाही.