दहाव्या गड्याची घटका

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इतकी जुनी की तेव्हा मनगटावर काय, भिंतीवरसुद्धा घड्याळ नव्हतं! डोंगराच्या कुशीत एक राज्य होतं, आणि त्या राज्याला एकच वेड होतं. आट्यापाट्या! राजापासून गुराख्यापर्यंत सगळे त्यापायी खुळे.

खेळ तसा सोपा. जमिनीवर नऊ पाट्या आखायच्या. एका संघाचे नऊ गडी त्या पाट्या राखणार, दुसऱ्या संघाचे गडी हूल देत, चकवत पाट्या ओलांडून पळणार. राखणाऱ्याचा हात लागला की पळणारा बाद!

आता नऊ पाट्यांना नऊ गडी लागतात. पण राजाच्या पदरी गडी होते दहा. दहावा कशाला? तर कुणाचा पाय मुरगळला, कुणाला ताप आला, तर उभा करायला. त्याला सगळे दहावाच म्हणायचे. खरं नाव त्याच्या बायकोला तरी आठवत होतं की नाही, देव जाणे.

या दहाव्याला वर्षाला चौदा पोती ज्वारी मिळायची आणि एक दुभती म्हैस. बाकीच्या नऊ जणांना वीस पोती. तरी खजिनदाराच्या पोटात दुखायचंच.

"महाराज, म्हशीला चारा घातला तर ती दूध देते," तो एक दिवस भर दरबारात म्हणाला. "हा दहावा काय देतो?"

राजाला प्रश्न पटला. त्याने वेळ मोजणाऱ्या मुलीला बोलावलं.

ही मुलगी म्हणजे दरबारातली सगळ्यात लहान कामगार, आणि सगळ्यात तोऱ्यातली! तिच्याकडे तांब्याचं घटिकापात्र होतं. बुडाला बारीक भोक असलेली वाटीच ती. पाण्यावर सोडली की हळूहळू भरायची आणि बुडायची. ती बुडाली की एक घटका झाली. राज्यातली लग्नं, पहारे, न्यायनिवाडे, सगळं त्या वाटीवर चालायचं. मुलगी म्हणायची, "माणसं खोटं बोलतात, माझी वाटी बोलत नाही."

राजा म्हणाला, "पोरी, दहावा त्याच्या पोत्यांच्या लायकीचा आहे का, ते मोजून सांग."

मग काय! त्या वर्षी सात सामने झाले, आणि सातही सामन्यांत ती मैदानाच्या कडेला पाण्याचं घंगाळ घेऊन बसली. दहावा मैदानात उतरला की वाटी सोडायची, बाहेर आला की उचलायची. सात सामने मिळून वाटी एकदासुद्धा बुडाली नाही. अर्धी भरली, बास!

"अर्धी घटका, महाराज!" तिने दरबारात वाटी उंच धरली. "अर्ध्या घटकेला चौदा पोती! आणि म्हैस वेगळी!"

दरबार खो खो हसला. खजिनदार तर डोळे पुसायला लागला.

संघाचा नायक उठला. खेळायला वाघ, पण बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा बिचाऱ्याला. "महाराज, तो... तो असला की बरं असतं."

"बरं म्हणजे किती?" मुलीने विचारलं.

"ते... मोजता नाही येत."

पुन्हा हशा. राजाने निकाल दिला. पौर्णिमेला नदीपलीकडच्या राज्याशी मोठा सामना, तो झाला की दहाव्याला निरोप. पोती बंद, म्हैस परत.

त्या संध्याकाळी दहावा तिच्या दारात आला. मुलीला वाटलं, आता हा भांडणार. पण तो पागोटं हातात घेऊन नुसता उभा राहिला.

"ताई, तुमची वाटी खरं बोलली. तेवढाच खेळलो मी. फक्त एक विचारायचं होतं. म्हैस गाभण आहे. ती व्यायपर्यंत घरी ठेवली तर चालेल का? माझ्या धाकटीचा जीव आहे तिच्यावर."

मुलीला कसंतरीच झालं. "मी राजाला विचारीन, दादा," ती कशीबशी म्हणाली.

रात्रभर तिला झोप नाही. पहाटेच ती ठरवून संघाच्या सरावाच्या मैदानाकडे निघाली, म्हशीचं काहीही करून जमवते असं दहाव्याला सांगायला. काखेत वाटी होतीच. ती वाटीशिवाय कुठे जायचीच नाही.

मैदानाशी पोहोचली आणि थिजलीच!

नदीपलीकडच्यांचा तो नामांकित पळणारा, ज्याने मागच्या साली आपल्या नऊच्या नऊ जणांना चकवलं होतं, तो आपल्या मैदानात? तोच तो! डावा पाय किंचित ओढायचा, धोतराचा सोगा उजव्या हातात धरायचा आणि डावीकडे झुकून उजवीकडे सटकायचा. मुलगी ओरडणार, इतक्यात तो वळला.

दहावा होता तो!

"परत!" नायक ओरडला. "आता त्यांचा तो उंच गडी हो!"

आणि दहावा खरंच उंच झाला. म्हणजे कसा झाला कोण जाणे, पण झाला! मान ताठ, लांब ढांगा, हूल द्यायच्या आधी घसा खाकरायची खोड. मग बुटका झाला. मग डावखुरा झाला. नऊ गडी आळीपाळीने पाटी राखायचे, दमले की झाडाखाली बसून पाणी प्यायचे. हा मात्र पळतच होता. त्यांच्यासाठी नऊ शत्रू होणारा माणूस एकच होता ना!

मुलीने गुरांच्या हौदात वाटी सोडली. वाटी बुडाली. पुन्हा सोडली, पुन्हा बुडाली. सरावाच्या शेवटी ती सात वेळा बुडाली होती!

दहावा हौदावर तोंड धुवायला आला तेव्हा तिने विचारलं, "दादा, त्यांच्या खोडी तुम्हाला कशा कळल्या?"

"शेंगांची पाटी घेऊन त्यांच्या जत्रेत बसतो. त्यांचं मैदान उघडंच असतं. बघायला कोण अडवतंय?"

"आणि हे दरबारात का नाही सांगितलंत?"

तो हसला. "तुम्ही सामन्याचं मोजलंत. सामन्यात अर्धीच घटका होती ना?"

पौर्णिमा आली. अख्खं राज्य मैदानाभोवती! नदीपलीकडच्या त्या नामांकित पळणाऱ्याने सोगा धरला, डावीकडे झुकला, आणि आपला गडी आधीच उजवीकडे उभा! बाद! उंच गड्याने घसा खाकरला, बाद! मुलगी कडेला बसलेल्या दहाव्याकडे बघत होती. प्रत्येक हुलीच्या आधी याचा खांदा हलायचा, मग तिकडे मैदानात आपल्या गड्याचा.

शेवटाला एका गड्याचा पाय मुरगळला. दहावा उतरला. मुलीला वाटलं, आता हा कमाल करणार!

छे हो! पहिल्याच पळणाऱ्याने त्याला गंडवलं आणि पाटी ओलांडून गेला. लोक हळहळले. तरी आपला संघ जिंकला, पण फक्त एका पाटीने.

"बघितलंत?" खजिनदार गरजला. "चौदा पोती!"

मुलगी उठली. आता सगळ्यांसमोर आपलंच माप खोटं ठरवायचं होतं.

"महाराज, दहावा मैदानावर बेताचाच आहे. ते माझं खरं आहे. पण मी वाटी चुकीच्या जागी सोडली. रोज पहाटे तो सात घटका खेळतो, आणि आज आपण ज्या हुली ओळखल्या, त्यातली एकूण एक त्याने आधी आपल्यावर करून दाखवली होती."

"पुरावा?" राजाने विचारलं.

उत्तर नदीपलीकडच्या त्या पळणाऱ्यानेच दिलं. घाम पुसत तो म्हणाला, "महाराज, मला आज वाटत होतं की तुमचे गडी वर्षभर माझ्यासोबतच खेळलेत. माझ्या पायांना नावाने ओळखतात हो ते!"

राजा खूश झाला. "दहाव्याला वीस पोती द्या!"

"नको महाराज," दहावा घाईने म्हणाला. "आत्ताच पाटी सोडली की मी! चौदा बरोबर आहेत. फक्त म्हैस राहू द्या."

म्हैस राहिली. महिन्याभरात व्याली, आणि दहाव्याची धाकटी परातभर खरवस घेऊन दरबारात आली. खजिनदाराने दोनदा मागून घेतला.

आणि ती मुलगी? त्यानंतर ती कुणाचंही काम मोजायला निघाली की आधी विचारायची, "हा माणूस पहाटे कुठे असतो?"

तात्पर्य: माणसाचं मोल करायचं तर तो लोकांसमोर किती वेळ उभा राहिला एवढंच बघू नये, त्याच्या जोरावर कोण उभं राहिलं तेही बघावं.