चुनी आणि काठीघराचं बंद दार

कस्तुरीच्या डोळ्यात एक घर होतं. काठीसारखं लांबुळकं. म्हणून ते काठीघर. त्यात राहायची चुनी. चुनी म्हणजे कॅल्शियमचा कण. मोहरीहून बारीक, बारीक, बारीक.

घरात होते दाराच्या किल्ल्या करणारे काका आणि त्यांना काम सांगणारे मुकादम आजोबा. आजोबांच्या मांडीवर बसायला भारी मजा. पण चुनीच्या बहिणी आधीच जागा पटकावायच्या. चुनी बिचारी उभीच.

एकदा काय झालं, कस्तुरीचा चेंडू पलंगाखाली गेला. कस्तुरीही गेली. हातात बॅटरी. पण धरली उलटी. चकाऽऽक! उजेड थेट डोळ्यात.

काठीघराचं दार मिटलं, धप्प. दाराशेजारी होतं एक गोल फिरतं दार, फिरकी. ती फिरली, गर्रर्र. चार मिठाचे खडे आत, चुनी बाहेर. टुप्प.

कस्तुरीला दिसे नुसता पांढरा गोळा. आई पलंगाजवळच होती. पण कस्तुरीला आई दिसेना.

चुनी गेली दाराकडे, टिपुक टिपुक.
"दारदादा, दारदादा, उघड ना."
"किल्ल्या उजेडात विरल्या. काका नवी करतील तर उघडेन."
दार उघडेना, कस्तुरीला आई दिसेना.

चुनी गेली किल्लीवाल्या काकांच्या खिडकीशी, टिपुक टिपुक.
"काका, काका, किल्ली करा ना."
"मुकादम आजोबा उठून सांगतील तर करेन."
काका किल्ली करेनात, दार उघडेना, कस्तुरीला आई दिसेना.

चुनी गेली आजोबांच्या खिडकीशी, टिपुक टिपुक.
"आजोबा, आजोबा, उठा ना."
"कसा उठू? मांडीवर तुझ्या बहिणी. त्या उतरतील तर उठेन."
आजोबा उठेनात, काका किल्ली करेनात, दार उघडेना, कस्तुरीला आई दिसेना.

चुनीने बहिणींना हाक मारली, कूऽऽ.
"बहिणींनो, बहिणींनो, उतरा ना."
"आम्ही नाही जागा सोडणार. फिरकी नेईल तर उतरू."
बहिणी उतरेनात, आजोबा उठेनात, काका किल्ली करेनात, दार उघडेना, कस्तुरीला आई दिसेना.

चुनी गेली फिरकीकडे, टिपुक टिपुक.
"फिरकीताई, फिरकीताई, फिर ना."
"माझी रीत ठाऊक आहे ना? मीठ आत येईल तर फिरेन."
फिरकी फिरेना, बहिणी उतरेनात, आजोबा उठेनात, काका किल्ली करेनात, दार उघडेना, कस्तुरीला आई दिसेना.

शेजारी होतं शंकूसारखं निमुळतं शंकूघर. त्याचं दार केव्हाच उघडलं होतं. ते घर मुळातच चटपटीत. काठीघर आपलं सावकाश. चुनीला रडूच आलं. पण ती गेली मिठाकडे, टिपुक टिपुक.
"मीठदादा, मीठदादा, आत जा ना."
मीठ रुसून बसलं होतं. "मघाशी आमचे चौघे गेले. कुणी 'या' म्हटलं नाही, कुणी 'बसा' म्हटलं नाही. आम्ही नाही जात."
मीठ जाईना, फिरकी फिरेना, बहिणी उतरेनात, आजोबा उठेनात, काका किल्ली करेनात, दार उघडेना, कस्तुरीला आई दिसेना.

आता आली का पंचाईत? चुनी स्वतःच घराबाहेर. तरी तिने डोळे पुसले. फिरकीपाशी उभी राहिली. आणि म्हणाली,
"या ना. घर आमचंच आहे. या, बसा."

मीठ खुदकन हसलं. मीठ गेलं आत, छुळुक छुळुक. फिरकी फिरली, गर्रर्र. बहिणी उतरल्या, बाहेर आल्या, टुप्प टुप्प टुप्प. आजोबा उठले, गुडघे वाजले, कट्ट. काकांनी किल्ली केली, ठक ठक. दार उघडलं, कर्रर्र.

बहिणी अजून अंग झटकत होत्या. दारापाशी सगळ्यांत पुढे कोण? चुनी. ती पळाली आत, टिपुक टिपुक टिपुक. आजोबा खाली बसले. मांडीवर पहिली बसली चुनी.

पांढरा गोळा विरला. कस्तुरीला आधी चेंडू दिसला. मग पाय दिसले. मग वाकून बघणारा चेहरा.
"सापडला का गं चेंडू?"
"आई सापडली," कस्तुरी म्हणाली.