पिंपळधऱ्याच्या रुळाचा वाक

“वाक होता म्हणता. मग या नकाशात का नाही?”

मारोतराव उरकुड्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. भिवरामाय तंबाखू मळत राहिली.

उरकुडे नागपूरचे. छत्तीस वर्षं सरकारी ड्रॉइंग ऑफिसात रेघा ओढून निवृत्त झालेला माणूस. रेघ कशी असते हे त्यांना कोणी शिकवावं, असं त्यांना वाटत नसे. निवृत्तीनंतर त्यांनी एकच ध्यास घेतला. पिंपळधऱ्याची बंद पडलेली कोळसा खाण, तिची दोन फुटी रुळांची रेल्वे, इंजिनघर, चाळणीघर, सगळं लहान आकारात हुबेहूब उभं करायचं. खाणीच्या कंपनीनं गावाबाहेर संग्रहालय बांधलं होतं, तिथल्या मधल्या दालनात ते ठेवायचं ठरलं होतं.

चार वर्षं खपल्यावर नऊ फुटांचं टेबल तयार झालं. तेलाचे डबे कापून केलेले एकशे बारा कोळशाचे डबे, काडेपेटीएवढं इंजिन.

उद्घाटनाला दीड महिना उरला असताना खाणीतल्या एका म्हाताऱ्या फिटरनं टेबल पाहिलं. सगळं बरोबर आहे म्हणाला, फक्त इंजिनघराच्या पुढं रूळ वाकायचा. कशासाठी, ते त्याला माहीत नव्हतं. भिवरामायला विचारा म्हणाला.

म्हणून उरकुडे आले होते. तसं पाहिलं तर विचारायला नव्हेच, नकाशा दाखवून वाद मिटवायला.

भिवराबाई मेश्राम चौऱ्यांशी वर्षांची. तरुणपणी टोपल्या वाहून डब्यांत कोळसा भरणारी. गावातली माणसं आपलं अडलेलं तिच्यापुढं आणून ठेवत. ती थोडकंच बोलायची, पण ते टाळायची कुणाची छाती नव्हती.

उरकुड्यांनी तिला समजावून सांगितलं. नकाशा एकसष्ट सालचा, खाली तीन इंजिनिअरांच्या सह्या. मध्ये टेकडी नाही, नाला नाही.

“मोकळ्या रानात रूळ कोणी वाकवत नाही, मावशी.”

तिनं तंबाखू गालात धरली. काठी घेतली.

“चाल.”

रूळ कधीच उपटून विकले गेले होते. जागेवर कमरेएवढा तरोटा माजला होता. इंजिनघराचा ओटा मात्र शाबूत होता, आणि लांब पलीकडं चाळणीघराचा एक खांब. उरकुड्यांनी पिशवीतून सुतळीचा गुंडा काढला. एक टोक ओट्याला बांधलं आणि गुंडा उलगडत खांबाकडं निघाले. सरळ रेघ तिच्या डोळ्यांदेखत ओढायची होती त्यांना.

शंभर पावलं गेले असतील. भिवरामाय पुढं झाली, इकडंतिकडं न पाहता काठीनं तरोटा बाजूला केला, आणि बरोबर सुतळीच्या वाटेत मांडी घालून बसली.

उरकुडे थांबले. उन्हं वर आली होती. त्यांनी तिला बाजूला व्हायची विनंती केली.

“उठव मले.”

त्यांनी पुन्हा विनंती केली, हात जोडून केली. ती समोर पाहत बसली.

चौऱ्यांशी वर्षांच्या बाईला हाताला धरून कसं उठवणार? उरकुडे घाम पुसत उभे राहिले. राग आला, मग रागाची लाज वाटली.

“मग मी जाऊ कसा?”

“वळून जाय.”

...

उरकुड्यांनी खुंटी ठोकली. चार पावलांवर दुसरी, मग तिसरी. तिच्याभोवती सुतळी वळवत ते निघाले, आणि चौथी खुंटी जाईना. खाली दगड होते. त्यांनी तरोटा उपटला, हातानं माती सारली. काळी खडी निघाली, रुळाखाली अंथरतात तशी. थोडं पुढं एक गंजलेला खिळा. ते गुडघ्यांवर सरकत गेले. खडी सुतळीखालून वळत होती.

ते तिच्यापाशी परत आले आणि खाली बसले.

मग तिनं सांगितलं. इथं मोहाचं झाड होतं. कोळसा भरणाऱ्या बाया आपल्या लेकरांच्या झोळ्या त्याला बांधायच्या. एकवीस झोळ्या होत्या, त्यातली एक तिची. लेकरू रडलं की कोळसा भरायच्या जागी ऐकू यायचं, बाई धावत येऊन पाजून जायची. नवा रूळ या झाडावरून जाणार असं ठरलं. साहेब म्हणाला, झोळ्या ओढ्यापलीकडं न्या, सावली आहे.

“तिथून रडणं आयकू येत नव्हतं.”

बाया इथंच, रुळाच्या वाटेत बसल्या. एकोणीस दिवस डबे रिकामे उभे होते. धमक्या झाल्या, पोलीस येऊन गेले. विसाव्या दिवशी रूळ वळला, नकाशातला तसाच राहिला. पुढं मोह वादळात पडला, लेकरं मोठी झाली, खाण मिटली.

उरकुड्यांनी खिळा हातात फिरवला.

“कुठं अर्ज केला होता? एखादा कागद?”

“आम्ही बसलो होतो,” ती म्हणाली.

नागपूरला जाऊन त्यांनी टेबलाला करवत लावली. चार वर्षांची सरळ रेघ कापून काढली. मोह किती उंच, फांद्या कशा, हे विचारायला ते दोनदा पिंपळधऱ्याला गेले. बायकोच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांतून एकवीस झोळ्या शिवल्या, नखाएवढ्या.

उद्घाटनाला दोन दिवस असताना टेबल संग्रहालयात पोचलं. कंपनीच्या अधिकाऱ्यानं एकदा टेबलाकडं, एकदा भिंतीवरच्या नकाशाकडं पाहिलं. तो सभ्य माणूस होता. म्हणाला, लोक विचारतील, मग ती सगळी हकीकत सांगावी लागेल, आनंदाच्या दिवशी ते बरं दिसत नाही. रूळ सरळ करून द्या.

सही झालेल्या कागदापुढं छत्तीस वर्षांत उरकुड्यांनी कधी मान वर केली नव्हती.

“रूळ वाकलेलाच राहील,” ते म्हणाले.

मग हे घेऊन जा, असं उत्तर आलं.

त्यांनी टेबल टेंपोत चढवलं आणि थेट भिवरामायच्या अंगणात आणलं. ती बाहेर आली. वाकून पाहिलं. बोटानं एक झोळी हलवली, ती थांबेपर्यंत पाहत राहिली.

उरकुड्यांनी झालेलं सगळं सांगितलं.

“आता सांग माय, हे कुठं ठेवू?”

...

“त्या कंपनीवाल्याइच्याच दारात नेऊन ठेव. अन् म्हण, उचला.”